जुनं नाव आणि रुळलेलं नाव

ज्या पाणवनस्पतीपायी मी आयुष्यातली काही चांगली वर्षं चिडचिड करण्यात घालवली, तिचं शास्त्रीय नाव मी इथे लिहिणार नाही. तिला दोन नावं आहेत. त्यातलं कुठलंही एक लिहिलं तरी दुसऱ्या बाजूचा फोन येणार, आणि दुसरी बाजू म्हणजे मुख्यतः माझे सर. म्हणून मी एकाला जुनं नाव म्हणेन आणि दुसऱ्याला रुळलेलं नाव.

दिसायला ते रोप अगदी साधं आहे. मालाडच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला एक कोळीवाडा आहे, त्याच्या मागे एक तळं. पावसात तळं भरलं की चिखलातल्या कंदातून लांबट पानं वर येतात आणि पाण्यावर पसरतात. गणपतीच्या आसपास एक पांढरट तुरा पाण्याबाहेर डोकावतो. तळं आटलं की सगळं नाहीसं होतं, कंद तेवढा खाली झोपून राहतो. कोकणात हे रोप थोड्या ठिकाणी सापडतं, मुंबईत माझ्या माहितीप्रमाणे फक्त इथेच. मी मालाडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि राहते चारकोपला, त्यामुळे हे तळं मला घरच्यासारखं. पीएच.डी.च्या काळात गुडघाभर चिखलात उभी राहून मी याच रोपाची पानं मोजली आहेत.

त्या पीएच.डी.चे माझे मार्गदर्शक म्हणजे सर. निवृत्त होऊन मुलुंडला राहतात. माणूस प्रेमळ, पण नियमाच्या बाबतीत लोखंड. वनस्पतींच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना तोंडपाठ आहेत, कलम-पोटकलमांसकट. जेवताना आमटीत मीठ कमी असेल तर ते काही बोलणार नाहीत, पण हर्बेरियममधल्या वाळवलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर नावाचं एक अक्षर चुकलं तर त्यांना झोप लागत नाही.

सुरुवात माझ्यापासूनच झाली. कॉलेजं बंद होती त्या काळात मी घरी बसून इंटरनेटवर जुनी परदेशी पुस्तकं चाळत होते. कुठल्याशा युरोपातल्या बागेच्या बियाण्यांच्या यादीत, तळटीपेत, मला आपलं रोप भेटलं. कुणीतरी कोकणातून पाठवलेल्या वाळक्या तुऱ्यावरून त्या बागेतल्या माणसानं दोन ओळींचं वर्णन केलं होतं आणि नाव दिलं होतं. पुढे ती यादी विसरली गेली. बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या एकानं तेच रोप नव्यानं शोधलं समजून दुसरं नाव दिलं, आणि तेच रुळलं. आम्ही सगळे तेच शिकलो, तेच शिकवलं.

मी ते पान छापून सरांकडे मुलुंडला गेले. सरांनी भिंगातून वाचलं, परत वाचलं, आणि लहान मुलासारखे खूश झाले.

"अगं, हे तर सरळ आहे. आधीचं नाव तेच बरोबर. यावर मी टिपण लिहितो."

"सर, छापू नका ना."

"का म्हणून?"

"सगळीकडे रुळलेलंच नाव आहे. पुस्तकात, हर्बेरियममध्ये, राज्याच्या दुर्मीळ वनस्पतींच्या यादीत. सगळं बदलायला लागेल."

"म्हणजे उद्या तुझा जन्मदाखला सापडला आणि त्यावर वेगळं नाव निघालं, तर तू काय दाखला जाळशील?"

"जाळणार नाही. पण पॅनकार्डही बदलणार नाही."

सर मोठ्यानं हसले. आतून त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, विचारलं, काय झालं म्हणून. त्या दिवशी मला वाटलं, विषय संपला. सरांनी टिपण लिहिलं, एका मासिकात छापून आणलं, आणि शेवटी माझे मनापासून आभार मानले. पुढच्या काही महिन्यांत जगभरचे लोक ज्याचा आधार घेतात त्या ऑनलाइन कोशानं रुळलेलं नाव बाजूला सारून जुनं नाव वर आणलं.

इथे नियम थोडा सांगायला हवा. पहिलं रीतसर छापलेलं नाव हेच खरं, हा मूळ नियम. पण त्याला एक पळवाट आहे, आणि ती नियमातच दिलेली आहे. जुनं नाव कुणी वापरतच नसेल आणि ते उकरून काढल्यानं गोंधळ होणार असेल, तर रुळलेलं नाव राखून ठेवावं असा अर्ज करता येतो. तो अर्ज छापला जातो, ज्याला हरकत घ्यायची त्यानं घ्यायची, मग देशोदेशीच्या तज्ज्ञांची समिती मतदान करते. मी तो अर्ज केला. किती ठिकाणी रुळलेलं नाव वापरलंय त्याचे दाखले जमवता जमवता माझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. नवरा म्हणायचा, "आपल्या पोरीचं बारसं एका दुपारी उरकलं. या गवताचं कधी उरकणार?"

"गवत नाहीये ते."

"बरं, जे काय असेल ते. त्याचं कधी उरकणार?"

अर्ज छापून आला. आणि त्याच मासिकाच्या एका पुढच्या अंकात हरकतही छापून आली. हरकत सरांची होती. मुद्दे सगळे बरोबर होते, त्यांचे नेहमीच असतात. पण शेवटी त्यांनी लिहिलं होतं की लेखिकेचा आग्रह शास्त्रीय नसून भावनिक आहे. तो शब्द वाचला आणि मी लॅपटॉप बंद केला. ज्या माणसानं मला भिंग कसं धरायचं ते शिकवलं, त्यानं चार लोकांत मला भावनिक म्हणावं? पुरुष विद्यार्थ्याला म्हणाले असते का? मी त्यांना फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. काकूंचा दिवाळीत मेसेज आला, फराळाचा फोटो होता. मी त्याला अंगठ्याचा इमोजी टाकला. तेवढाच संबंध.

समितीकडून काही कळत नव्हतं. मी मेल करायची, उत्तर यायचं की प्रक्रिया चालू आहे. मग एकदा कळलं की मतदान झालं, पण दोन्हीकडे पुरेशी मतं पडली नाहीत, पुन्हा घेतील. पुन्हा म्हणजे कधी? त्याला उत्तर नव्हतं. खरं तर अर्ज प्रलंबित असेपर्यंत रुळलेलंच नाव वापरावं अशी नियमांत सूचना आहे. पण सूचना ती सूचना, कोण पाळतंय? ऑनलाइन कोशात जुनं नाव, राज्याच्या यादीत रुळलेलं नाव, आणि माझ्या वर्गातली पोरं विचारतात, "मॅडम, जर्नलमध्ये नक्की कुठलं लिहू?" मी म्हणायची, सध्या पेन्सिलनं लिही.

तोवर हे सगळं कागदावरचं होतं. मग महापालिकेनं तळ्याचं सुशोभीकरण काढलं.

चारी बाजूंनी दगडी बांध, चालायला पेव्हर ब्लॉकची वाट, मधे कारंजं, आणि गणपती विसर्जनासाठी घाट. कागदावर झकास दिसत होतं. पण काठाच्या उथळ चिखलाशिवाय माझं रोप जगत नाही, आणि बांध घातला की तो चिखलच राहत नाही. मी आराखडा मागवला. सोबत एका सल्लागार कंपनीचा अहवाल होता, तळ्यातल्या वनस्पतींची नोंद असलेला. त्यात माझं रोप होतं. जुन्या नावानं. समोर शेरा होता, "दुर्मीळ वनस्पतींच्या यादीत नाही."

मी ते वाचून खुर्चीतच बसून राहिले. खोटं काहीच नव्हतं त्यात. यादीत ते नाव खरंच नव्हतं. यादीत रुळलेलं नाव होतं.

मी हरकत नोंदवली आणि वॉर्ड ऑफिसात सुनावणी लागली. नावाचा वाद सोडला, तर या रोपाबद्दल अधिकारानं बोलू शकेल असा दुसरा माणूस मला माहीत नव्हता, म्हणून मी राग गिळला आणि सरांना फोन केला.

"सर, तळं जातंय."

"किती वाजता यायचं?"

सर मुलुंडहून रिक्षा, मग बस, मग परत रिक्षा करत आले. घामानं शर्ट भिजलेला, बगलेत नियमांचं जाडं पुस्तक. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. आत टेबलाच्या एका बाजूला अधिकारी, शेजारी लॅपटॉप घेऊन सल्लागार कंपनीची तरुण मुलगी, आणि समोर कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष बाई, हिरवं लुगडं नेसून, पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या.

मी सांगितलं की अहवालातलं रोप आणि यादीतलं रोप एकच आहे. सल्लागार मुलगी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, आम्ही लेटेस्ट कोश बघूनच नाव टाकलंय. आणि त्यात संदर्भ तर तुमच्या सरांच्याच पेपरचा आहे."

अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे झाड एकच?"

"एकच," मी म्हटलं.

"मग नावं दोन कशाला?"

हा प्रश्न सरांनी आपल्याकडे घेतला, आणि तिथेच वाट लागली. सर युरोपातल्या त्या बागेपासून सुरू झाले. बियाण्यांची यादी, तळटीप, रीतसर प्रकाशन म्हणजे काय, मग पुस्तक उघडून कलम वाचायला लागले. अधिकारी आधी लिहून घेत होते, मग नुसतं पेन धरून बसले, मग त्यांनी फोन पालथा ठेवला होता तो सरळ केला. मी टेबलाखालून सरांच्या बाहीला हात लावला. ते थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "सबब नियमानुसार जुनं नाव हेच योग्य नाव आहे."

"सर!" मी ओरडलेच जवळजवळ.

"योग्य आहे ते योग्य आहे," सर म्हणाले.

अधिकाऱ्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "एक सांगा मला. हे म्हणतात ते बरोबर की तुम्ही म्हणता ते?"

"मी," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.

सल्लागार मुलीनं लॅपटॉपमागे तोंड लपवलं. अधिकारी हसले नाहीत. "असं करा, आधी तुमचं काय ते ठरवा. तुमचंच एकमत नाही, मी शेरा काय मारू?"

मग सोसायटीच्या बाई बोलल्या. त्या आतापर्यंत गप्प होत्या, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाय, तुमचं झार ऱ्हाऊ दे की. आमचं काय त्याच्याशी वाकरं नाय. पन आमचा गनपती कंय बुरवाचा? दर वर्साला पोरं चिखलान घसरतान. आमाला घाट पायजे."

त्यांचंही खोटं नव्हतं. विसर्जनाला मी तिथे उभी राहिलेली आहे. मूर्ती घेऊन घसरणारी माणसं मी पाहिली आहेत. मी म्हटलं, "घाट हवाच. पण चारही बाजूंना दगड कशाला?"

"त्या आमी नाय सांगितला," बाई म्हणाल्या आणि अधिकाऱ्यांकडे बघत राहिल्या.

सुनावणी तहकूब झाली. बाहेर पडल्यावर मी जिन्यातच सरांवर तुटून पडले. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता.

"तुम्हाला तिथे फक्त एवढंच सांगायचं होतं की रोप एकच आहे! बाकीचं घरी बोलू शकलो असतो ना आपण!"

"मी खोटं सांगू?"

"गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नाही, सर!"

"तू मला भावनिक म्हणशील आता," ते म्हणाले.

तो शब्द त्यांनाही आतून कुठेतरी टोचत होता, हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. लोक वर-खाली जात होते, आम्ही भिंतीला टेकून उभे. मग मी म्हटलं, "चहा घ्या, उन्हातून आलाय." समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. नावाबद्दल एक अक्षर बोललो नाही. काकूंचे गुडघे, माझ्या मुलीची बारावी, इतकंच.

पण दोन दिवसांनी सरांनी अधिकाऱ्यांना एक पानभर लिहून पाठवलं आणि त्याची प्रत मला. रोप एकच आहे, यादीतलं संरक्षण त्याला लागू होतं, नावाचा वाद हा शास्त्राचा अंतर्गत मामला आहे. स्वच्छ, मुद्देसूद. वाचून मला आधी बरं वाटलं आणि मग जास्तच राग आला. हेच त्या दिवशी बोलायला काय झालं होतं?

पुढच्या सुनावणीला आम्ही दोघंही तयारीनिशी गेलो. अधिकाऱ्यांनी ते पान बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, पूर्वेच्या बाजूला बांध होणारच नाही. खाली नुसती दलदल आहे, दगड ठरत नाही. कंत्राटदार त्या बाजूचं काम नकोच म्हणतोय. तुमचं रोप कुठल्या बाजूला आहे?"

"पूर्वेच्या," मी म्हटलं.

"मग झालं की."

झालं. म्हणजे जुनं नाव, रुळलेलं नाव, माझ्या सुट्ट्या, सरांची हरकत, सगळं एकीकडे आणि चिखल एकीकडे. कोळीवाड्याच्या अंगाला घाट झाला, दोन बाजूंना दगडी बांध आला, कारंजं बसलं आणि पहिल्याच वर्षी बंद पडलं. पूर्वेचा काठ तसाच राहिला. रोप त्या पावसाळ्यात आलं, पण कमी. बांधामुळे पाणी आता जास्त खोल साठतं, ते त्याला मानवत नाही की काय, अजून सांगता येत नाही. कधी कधी घाटावर त्या अध्यक्ष बाई भेटतात. विचारतात, "आयला काय तुमचं झार?" मी म्हणते, आलंय थोडं.

समितीचा निर्णयही शेवटी आला. दुसऱ्या मतदानात रुळलेलं नाव राखायचं ठरलं. मेल आला तेव्हा मी परीक्षेच्या सुपरव्हिजनवर होते, फोन बघायची परवानगी नव्हती. घरी येऊन वाचला. आनंद व्हायला हवा होता. मला फक्त थकवा जाणवला, खूप वेळ रांगेत उभं राहून खिडकीशी पोचल्यावर येतो तसला. नवऱ्यानं पेढे आणले. मुलीनं विचारलं, "म्हणजे तू जिंकलीस?" मी म्हटलं, मला वाटतं, हो.

सरांना मी फोनवर सांगितलं.

"समिती चुकली," ते म्हणाले.

"बरं."

"पण निर्णय तो निर्णय. आता तो पाळायला हवा." थोडं थांबून म्हणाले, "माझ्याकडचे नमुने आहेत, त्यांच्या चिठ्ठ्या बदलायला हव्यात. माझा हात थरथरतो हल्ली. रविवारी येतेस?"

मी मुलुंडला गेले. काकूंनी थालीपीठ केलं होतं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही सरांचे जुने नमुने एकेक काढले. काही मी स्वतः वाळवलेले, विद्यार्थिनी असतानाचे. सर नाव सांगायचे, मी चिठ्ठीवर लिहायची, ते डिंक लावायचे. प्रत्येक चिठ्ठीवर त्यांनी रुळलेल्या नावाखाली "समितीच्या निर्णयानुसार" असं लिहायला लावलं.

"सर, हे सगळ्यांवर कशाला? एकावर पुरे ना."

"माझी इच्छा म्हणून नाव बदललं असं पुढच्या माणसाला वाटायला नको."

मी वाद घातला नाही. लिहिलं सगळ्यांवर.

त्यानंतर राज्याची यादी नव्यानं छापून आली. त्यात रुळलेलं नाव कायम आहे, पण एका ठिकाणी स्पेलिंग चुकलंय, एक स्वर गळलाय. मी दुरुस्तीसाठी लिहिलंय. ऑनलाइन कोशात अजून जुनंच नाव दिसतं. मी मेल करते, ते नोंद घेतल्याचं कळवतात. वर्गातल्या पोरांना प्रॅक्टिकलला हेच रोप असतं, दरवर्षी. काही जण जुनं नाव लिहितात, काही जण रुळलेलं. मी दोन्हींना मार्क देते. सरांना हे सांगितलेलं नाही.